माळवदावरची पांढर

मिरजेला मोठी गाडी सोडून बेळगावची लहान रुळांची गाडी धरली आणि काळ जागच्या जागी बसला. ही गाडी इतक्या सावकाश जाते की आमच्यासमोरच्या बाईंनी मिरजेला लसूण सोलायला घेतला, तर घटप्रभा येईतो उरलेल्या पाकळ्यांना कोंब फुटले. खोटं वाटत असेल तर माझी मावसबहीण सुधा शेजारीच होती, तिला विचारा. ती म्हणेल, कोंब नव्हते, नुसती सालं होती. पण ती पडली पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. जे हाताला लागेल तेवढंच तिला खरं वाटतं.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. आम्ही दोघंही पुण्यातल्या एका संशोधनसंस्थेत नुकते चिकटलेलो. मी नदीकाठच्या झाडाझुडपांचा अभ्यास करत होतो, म्हणजे काठाकाठानं हिंडायचं आणि कुणी विचारलं तर गंभीर चेहरा करायचा. सुधाचं काम खरं होतं. दूधगंगेच्या काठी फार पूर्वी माणसं काय पिकवत होती, आणि त्यांच्या पिकवण्या-खाण्यानं तो काठ कसा पालटत गेला, हे तिला शोधायचं होतं. आज तिथं तंबाखू, जोंधळा, मिरची. तिला शंका अशी की एके काळी तिथं भात होत असणार. म्हणजे पाणी जास्त, झाडी जास्त, सगळा मुलूखच निराळा. शंका फार देखणी होती. पुरावा मात्र कणभर नव्हता.

निघताना आमच्या सरांनी तिला सांगितलं होतं, "हा उन्हाळा शेवटचा. या खेपेला काही मिळालं नाही, तर विषय बदल." आणि विषय बदलायचा म्हटलं की घरून काय येणार, हे मला पाठ होतं. मावशी म्हणणार, पुरे झालं ते खापरं वेचणं, आता लग्नाचं बघू. सुधा गाडीत खिडकीबाहेर बघत होती. मी लसणाकडे बघत होतो. दोघांनाही एकच काळजी होती.

बेळगावात उतरलो तर हवा अशी गार की पुण्यात आपण उन्हाळा म्हणून जे सोसतो ती कुठल्यातरी जन्मीची शिक्षाच असावी. वडगावात माझ्या वडिलांचे जुने स्नेही राहत, लक्ष्मणअण्णा, हातमागवाले. वडगावात घरात पाळणा असो नसो, माग असतोच. त्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे तिथली माणसं जरा मोठ्यानं बोलतात. अण्णांनी ओसरीवरून "पाणी आन गं" म्हटलं की पलीकडच्या शहापुरातून कुणीतरी तांब्या घेऊन यावं, असा आवाज. त्यांनी आम्हाला पोटभर जेवू घातलं आणि वर कुंदा (दूध आटवून, खरपूस भाजून केलेली इथली मिठाई) पुढं ठेवला.

"कुठं जायाचं म्हनालासा?"

"सदलग्याच्या अलीकडं, अण्णा," सुधा म्हणाली. "नदीच्या काठाला पांढरीचं मोठं टेकाड आहे. जुन्या नकाशात दाखवलंय."

पांढर म्हणजे जुन्या वस्तीची जागा. माणसं मातीची घरं बांधतात, घरं पडतात, पडलेल्यावर पुन्हा बांधतात. अशा शेकडो वर्षांच्या भिंती, राख, हाडं, खापरं एकावर एक साचत जातात आणि त्यांची टेकडी होते. शेजारच्या काळ्या रानात ती फिकट, पांढुरकी दिसते. सुधाचा सगळा जीव त्या टेकाडात होता.

"नकाशात आसंल," अण्णा म्हणाले. "आमच्या आक्काचं सासर त्याच अंगाला. माती लई चांगली म्हनत्यात तिथली."

"चांगली म्हणजे?"

"चांगली म्हंजे, ऱ्हात न्हाय अशी."

आम्ही हसलो आणि आणखी कुंदा घेतला. शहाण्यानं तिथंच बिछाना गुंडाळून परतीची गाडी धरली असती.

निपाणी डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. एस.टी. गावात शिरली आणि आख्खी गाडी शिंकली. तंबाखूची वखार इकडं, वखार तिकडं, विड्या वळणाऱ्या बाया दारोदार. वाऱ्यालासुद्धा तलफ यावी असा वास. स्टँडवर मी एवढ्यांदा शिंकलो की पलीकडच्या फलाटावरची कोल्हापूरची गाडी सुटायची वेळ झाली समजून सुटली. चहावाला शांतपणे म्हणाला, "पावनं, पयल्यांदाच आलासा न्हवं? शिंका. लाजू नगा. हितं नवं माणूस शिंकलं न्हाय तर आमाला करमत न्हाय."

तिथून पुढची बस सदलग्याच्या वाटेची. मैलाच्या दगडावर कानडी, पानपट्टीवर मराठी, कंडक्टरच्या तोंडी दोन्ही. शिव्या मात्र तो हिंदीत देत होता, म्हणजे दोघांपैकी कुणालाच राग यायला नको. भांडणतंटा वर्तमानपत्रात, बसमध्ये शेजारची म्हातारी मला मराठीत पेरू देत होती आणि तिच्या सुनेला कानडीत सांगत होती की पोरगं वाळलंय. कानडी येत नसतानाही ते मला नीट समजलं.

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथं सहली निघतील आणि चंपाक्काला सगळ्यांना जेवू घालावं लागेल.

बसमधून उतरून नकाशाप्रमाणे नदीकडं चालत गेलो. नकाशात जिथं टेकाड होतं तिथं खड्डा होता. असातसा नव्हे, त्यात पाणी साचून गावच्या म्हशी बसलेल्या, नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर. सुधानं नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. मग ती खड्ड्याच्या काठावर खाली बसली. मी अशा वेळी विनोद करतो. त्या वेळी केला नाही.

मागून आवाज आला, "कोन गं तुमी? म्हशी मोजाय आलासा का?"

ही चंपाक्का. गावातल्या जैन शेतकरी घरातली कर्ती बाई. उंच, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि हातातल्या काठीचा धाक म्हशींपेक्षा माणसांनाच जास्त.

"इथलं टेकाड कुठं गेलं हो, आक्का?" सुधानं विचारलं.

"कंचं टेकाड?"

"पांढरीचं. केवढं मोठं होतं."

"ते व्हय?" चंपाक्कानं काठी उचलून गावाकडं केली. "त्ये काय. वर बसलंय."

गावातली सगळी घरं माळवदाची (वर मातीचा थर असलेली सपाट छपराची). उन्हात ती माळवदं फिकट पांढुरकी चमकत होती. सुधा उभी राहिली. एकदा खड्ड्याकडं, एकदा घरांकडं बघितलं, आणि तिच्या तोंडाचा जो आ झाला त्यात एखादी म्हैस आरामात बसली असती.

गोष्ट अशी होती. काळ्या मातीचं माळवद उन्हाळ्यात तडकतं आणि पावसाळ्यात गळतं. पांढर मात्र पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून अक्षयतृतीया झाली की गावातलं प्रत्येक घर टेकाडावरून माती आणायचं आणि पावसाच्या आधी माळवदावर नवा थर द्यायचं. वर्षानुवर्षं. टेकाडाच्या कुठल्या अंगाची माती कुठल्या भावकीनं घ्यायची, हेसुद्धा पिढीजात ठरलेलं. पाटलांची पूर्वेची बाजू, चंपाक्काच्या घराची नदीकडची. असं करत करत टेकाड गावानं डोक्यावर घेतलं. मागच्या सालात उरलंसुरलंही उचललं. यंदा कुणालाच नवी माती नव्हती.

"मग यंदा काय करणार?" मी विचारलं.

"हाय ती जपनार. आनि काय? तुमच्या पुन्यात मिळती का?"

पुण्यात पांढर मिळत नाही, पण फुकटचे विचार मिळतात. ऐतिहासिक ठेव्याची नासधूस कशी थांबवावी, यावर आमच्या संस्थेत अशी चर्चा चालते की ऐकताना चहा गार होतो. तिथं मीही एकदा बाह्या सरसावून बोललो होतो. आता त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून मला एवढंच दिसत होतं की या बाईच्या घराला वर छप्पर लागतं.

"बर्री, कुंदर्री (या, बसा)," चंपाक्का घरी नेताना म्हणाली. पाहुण्याशी पहिला शब्द कानडी, मग मराठी, ही तिथली रीत. सोप्यात शिरलो तर आत तंबाखूचे बोद (तंबाखू दाबून भरलेली मोठी गोणपाटं) छपरापर्यंत रचलेले. सालभराची कमाई. व्यापारी अजून यायचा होता. कोपऱ्यात तिचे यजमान आप्पा बसले होते. बोलणं हे खातं आप्पांनी लग्नातच बायकोच्या नावावर करून दिलं असावं. ते नुसती मान हलवत.

"ही तुजी कोन रं?" जेवताना चंपाक्कानं मला विचारलं.

"मावसबहीण."

"मग लगीन का करत न्हाय?"

"माझ्याशी?"

"तुज्याशी कोन करंल? हिचं म्हनते मी."

सुधानं भाकरी मोडता मोडता सरळ सांगून टाकलं, की या उन्हाळ्यात काही सापडलं नाही तर बहुधा तेच होईल.  चंपाक्का तिला वांग्याची आणखी भाजी वाढून म्हणाली, "खापरंच पायजेत न्हवं? चढ वर."

पुढचे दिवस आम्ही गावाच्या डोक्यावर काढले. अनवाणी, कारण चपला घालून माळवदावर चढणं म्हणजे देवाच्या खांद्यावर पाय देणं. एका माळवदावरून दुसऱ्यावर आम्ही वाकून वाकून फिरत होतो आणि खालून बाया ओरडत, "कोन हाय गं वर? माकडं का मानसं?" "पुन्याची हायती!" चंपाक्का अंगणातून उत्तर द्यायची. "म्हंजे मदली!"

पण वरवरची खापरं पावसानं झिजून गुळगुळीत झालेली. सुधाला थर हवे होते. आणि थरांचीही मजाच होती. टेकाडाचा माथा, म्हणजे सगळ्यात अलीकडचा काळ, गावानं आधी उचलला, म्हणून तो माळवदात सगळ्यात खाली. टेकाडाचा तळ, म्हणजे सगळ्यात जुनी माणसं, शेवटी उचलली, म्हणून ती सगळ्यात वर. जगात सगळीकडं इतिहास खणत खाली जावा लागतो. या गावात मात्र शिडी लावून वर चढावा लागतो. सरांना हे कसं पटवायचं, हा प्रश्न सुधानं बाजूला ठेवला. आधी एक कोपरा नीट खणायला हवा होता. पावसाच्या तोंडावर आपलं माळवद खणू देणारं माणूस शोधायचं कुठं?

"माजं खण," चंपाक्का म्हणाली. "पन हाय तसं करून द्यायचं. वर ओतल्याली घागर टिकली पायजे."

आप्पांनी मान हलवली. होय की नाही, ते कळलं नाही. चंपाक्कानं होय असं वाचलं.

सुधानं बाजेएवढा तुकडा आखला आणि लिंपणाच्या कणाकणानं उतरत गेली. मी टोपल्या वाहिल्या. मी किती माती वाहिली ते सांगत नाही, कारण सह्याद्रीला कमीपणा येईल. प्रत्येक टोपली ती चाळणीनं चाळायची. खापराचा कपचा, हाडाचा तुकडा, कोळसा, बांगडीचा काच, सगळं वेगळं. खाली उरायची ती माती अशी मऊ की चंपाक्का चिमटीत घेऊन कौतुकानं म्हणाली, "पिठी केलीस गं! आसलं माळवद गावात कुनाचं नसंल."

आणि वरच्याच थरात, म्हणजे सगळ्यात जुन्या थरात, सुधाला ती खापरं सापडली. जाडीभरडी, ओबडधोबड, रंग नाही की रेघ नाही. मी ती फेकूनच दिली असती. तिनं भिंग माझ्या हातात दिलं. खापराच्या पोटात लांबट खळगे होते, आणि खळग्यांच्या आत अतिशय बारीक चौकटींची नक्षी. भाताच्या तुसावर असते तशी. कुंभारानं मडकं भाजताना तडकू नये म्हणून मातीत तूस मळलं होतं. तूस जळून गेलं, खळगा राहिला.

"भात," सुधा म्हणाली. मग पुन्हा, जरा हळू, "भातच आहे रे."

त्या दिवशी आम्ही दोघांनी पुरणपोळ्या अशा खाल्ल्या की चंपाक्कानं दुसऱ्यांदा डाळ शिजत घातली.

मग माती परत भरली. पाणी शिंपडून धुमसानं (माती ठोकायच्या लाकडी ठोकळ्यानं) चोपली, उन्हात वाळू दिली, पुन्हा चोपली. आता घागरीची पाळी. तिथं चाल अशी, की ज्यानं माळवद घातलं त्यानंच वरून भरली घागर ओतायची, आणि बरोबर त्याच जागेखाली घरच्या बाईनं पाटावर बसायचं, मांडीवर कोरड्या पिठाचं ताट घेऊन. पिठावर थेंब उठला तर माळवद नापास. अंगणात अर्धं गाव जमलं. मी वर, घागर खांद्यावर, एखाद्या देवळाचा कळस चढवायला निघाल्याच्या थाटात. खाली चंपाक्का ताट घेऊन, शेजारी सुधा.

मी ओतली. पाणी पसरलं, क्षणभर थांबलं, आणि मग गावभर ऐकू जाईल असा काहीतरी आवाज करून खाली गेलं. थेंब कसला, धार. उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून मी खाली डोकावलो. ताटातल्या पिठाची खीर झाली. चंपाक्काचं कुंकू नाकावर उतरलं. आप्पा, जे आजवर जागचे हलले नव्हते, ते वाघासारखे उठले आणि खालचा तंबाखूचा बोद एकट्यानं ओढून बाजूला केला. एवढा बोद चार गडी उचलतात. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

अंगणात कुणी हसलं नाही. नवी माती कुठंच नाही, पाऊस तोंडावर, आणि आत सालभराची कमाई. हसण्यासारखं काही नव्हतं.

"माती तीच," चंपाक्का तोंड पुसत अंगणात येऊन म्हणाली. "मानसं तीच. मग झालं काय?"

कुणी म्हणालं चोपणं कमी पडलं. कुणी म्हणालं पुण्याच्या माणसाचा हात लागला. एक म्हातारबा म्हणाले, पांढरीतला जुना देव रागावला. चंपाक्का आमच्याकडं न बघता माळवदाकडं बघत होती. तिलाही उमगत नव्हतं.

सुधा मात्र शिडीवर चढून आली. ओल्या मातीवर बसली. वाळताना पडलेल्या केसासारख्या बारीक भेगा तिनं बोटानं चाचपल्या. मग शेजारच्या घराचं न खणलेलं माळवद चाचपलं, खापरांनी खरबरीत असलेलं. मला तिच्या तोंडावर ते उमटताना दिसलं, आणि मलाही त्याच घडीला कळलं. आमच्याशिवाय ते कुणालाच कळलेलं नव्हतं. ती गप्प राहिली असती, तर चोपणं कमी पडलं, एवढ्यावरच मिटलं असतं. आणखी चोपलं असतं, पावसात थोडं गळलं असतं, आणि आम्ही तोवर पुण्यात.

ती वरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आक्का, आम्ही खापरं काढून घेतली म्हणून गळतंय. मातीला ती धरून होती. नुसती पिठी उन्हानं भेगाळली."

चंपाक्का शिडीपाशी आली.

"म्हंजे खापरं परत घालाय पायजेत?"

"हो."

"आनि मग तुजं?"

सुधा माळवदाच्या कडेला खाली बसली. चंपाक्कानं पदरानं हात पुसले. मग तिनं तिच्या मते फार मोठं मन केलं. "आसं कर. रंगीत-रंगीत ठिऊन घे तुला. त्या बांगड्यांचं काच बी घे. जाडी तेवढी दे आमाला. ती काय, कुनाच्या उपेगाची न्हाईत."

मी तोंड उघडलं. सुधानं माझ्याकडं असं बघितलं की मी ते जांभई देऊन मिटलं.

"चालेल, आक्का," ती म्हणाली.

त्यानंतरचा दिवसभर ती सोप्यात जाड खापरांच्या ढिगापाशी बसून होती. खळग्यांची चित्रं काढत होती, पण चित्र म्हणजे शेवटी चित्र. माझ्यासारखा माणूस जिचा भाऊ, त्या बाईच्या चित्रावर कोण विश्वास ठेवील? मी नदीवर हिंडून आलो. झाडांनी नेहमीप्रमाणं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंपाक्का न्हाऊन आरशासमोर बसली. आधी डबीतून मेण घेऊन तिनं कपाळावर गोल लावलं, मग त्यावर कुंकू दाबलं. सुधा समोर चहा पीत होती. कप खाली ठेवून ती उठली.

"आक्का, थोडं मेण द्याल?"

"का गं? कुनी ठरलं का?"

सुधानं मेणाची लहानशी गोळी बोटात मळून मऊ केली, खापराच्या खळग्यात दाबली, आणि हलकेच उचलली. मेणावर एक दाणा उभा होता. भाताचा, तुसासकट, बारीक चौकटींच्या नक्षीसकट. कालच कुणीतरी पाखडलेला असावा तसा.

चंपाक्कानं तो उजेडाला धरला. "भात हाय की गं ह्यो!"

"इथला. फार जुना."

"हितला? आमच्या रानातला?" तिला ते काही केल्या पटेना. भात म्हणजे खानापूरकडून यायचा, सणासुदीला शिजायचा. "आमी जोंधळं खाऊन मेलो, आनि ही मानसं रोज भात खात हुती?"

तिनं दारात जाऊन हाक मारली. बेळगावच्या मागावर वाढलेली नसूनही ती हाक सगळ्या गल्लीला पोचली. घराघरातून कुंकवाच्या मेणाच्या डब्या आल्या. दुपारपर्यंत सोप्यात बाया गोल करून बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर खापर. दाण्याला नाक-डोळे असल्यागत जी ती 'माजा बघ, माजा बघ' म्हणे, आणि सुधा भिंग लावून बघे. "ह्यो मोडका." "त्यो पोचट." "ह्यो बघ, ह्यो भरल्याला." जन्मभर धान्य निवडलेली ती बोटं, खळगा दिसला की मेण तिथं बरोबर बसत होतं. आप्पांनीही एक खापर घेतलं. त्यांचा दाणा सगळ्यांत सुबक निघाला. तो दाणा त्यांनी सगळ्या गोलातून फिरवून आणला.

मग जाडी खापरं मातीत गेली, माती माळवदावर गेली. पुन्हा चोपणं, पुन्हा वाळवणं. या खेपेला घागर सुधानं ओतली. चंपाक्का खाली पाटावर, कुंकू जपून, पिठाचं ताट मांडीवर. वर पाण्याचं डबकं झालं, त्यात आभाळ दिसायला लागलं, आणि ते तिथंच राहिलं. आम्ही सगळे आप्पांकडं बघत होतो, कारण ते ताटावर वाकले होते.

"कोरडं," आप्पा म्हणाले.

त्यांचा हा एकच शब्द मी ऐकला. त्यासाठी पुन्हा मिरजेपासून त्या गाडीनं जायची माझी तयारी आहे.

परतीच्या वाटेवर नवीच अडचण. वैशाखातलं ऊन, आणि आमच्याजवळ मेण. चंपाक्कानं ते दाणे ओल्या फडक्याच्या घड्यांत घालून एका छोट्या मडक्यात ठेवले आणि तोंडाला पांढरं कापड बांधून दिलं. निपाणीहून पुण्याची गाडी मिळाली. मांडीवर पांढऱ्या कापडानं तोंड बांधलेलं मडकं, शेजारी मान खाली घालून बसलेली बहीण. गाडीत शिरल्याबरोबर लोक बाजूला सरले. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं तोंडावर आलेली शिवी अर्ध्यावर गिळली. कागलच्या पुढं एका काकूंनी हळूच विचारलं, "कोन गेलं, बाळ?"

मी आयुष्यात भरपूर थापा मारल्यात, पण त्या वेळी एकही सुचली नाही. म्हणालो, "जुनी माणसं आहेत."

"आपलीच?"

"हो," सुधा म्हणाली. "शेतकरी होते. नदीकाठचे."

काकूंनी मडक्याला हात जोडले. आम्हीही काही खुलासा केला नाही. कापड ओलं ठेवायचं असतं असं समजून त्या आपल्या तांब्यातलं पाणी कापडावर शिंपत राहिल्या, थेट साताऱ्यापर्यंत.

खिडकीतून रानं मागं जात होती आणि मी त्या टेकाडाचा विचार करत होतो. ते झालं कशानं? घरं पडून. कुणीतरी मातीचं छप्पर घातलं, ते कधीतरी ढासळलं, त्याच मातीवर दुसऱ्यानं भिंत उभी केली. त्या टेकाडात जागच्या जागी राहिलेली अशी मूठभरसुद्धा माती नसेल. माणसं ती उचलत होती, मळत होती, डोक्यावर घेत होती, आणि मग आम्ही नकाशा घेऊन आलो आणि म्हणालो, आता कुणी हलू नका. हे बोलायला सोपं आहे, आणि पुरतं खरंही नाही, हे मला कळतं. तो खड्डा मी बघितलाय. त्याच्या तळाशी काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही, आणि सुधा अजूनही झोपेत कधी कधी त्या म्हशींना उठवत असते. पण कुंभारानं मडकं टिकावं म्हणून मातीत तूस घातलं, आणि गावानं छप्पर टिकावं म्हणून मातीत ते मडकं राहू दिलं. या दोघांत शहाणा कोण आणि नासधूस करणारा कोण, हे मला साताऱ्यापर्यंत ठरवता आलं नाही. पुढं खंबाटकीचा घाट लागला आणि मी मडकं सांभाळायला लागलो.

पुण्यात सरांनी मडक्याचं तोंड सोडलं. कडेचे दाणे उन्हानं मऊ पडून एकमेकांना चिकटले होते. मधले शाबूत होते. आप्पांचा सगळ्यांत शाबूत. रंगीत खापरं संस्थेत हातोहात फिरली, सगळ्यांनी वाहवा केली. सरांनी मात्र तिकडं बघितलंही नाही. ते भिंगाला डोळा लावून बसले, ते बसलेच.

"भात," शेवटी ते म्हणाले.

"हो, सर."

"विषय राहू दे हाच." त्यांनी भिंग पुसलं. "मूळ खापरं कुठं आहेत? ती संग्रहात जमा करावी लागतील."

मी छताकडं बघायला लागलो. सुधा सरळ उभी होती.

"ती कामावर आहेत, सर," ती म्हणाली.